लालबागचे तिवर, मिठीचा चिखल

पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून चिपळूणहून एस.टी.नं निघालो. कशेडीच्या घाटात गाडी इतकी कलली, की मी उजवीकडून डावीकडे सरकून बसलो तेव्हा कुठे ती सरळ झाली. ड्रायव्हरनं आभार मानले नाहीत, पण मी तरी कुठं त्यासाठी सरकलो होतो!

बोलावणं होतं माझ्या चुलत भावाचं, दत्तारामचं. दत्ताराम लालबागला राहतो, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवतो. पत्रात दोनच ओळी : "अण्णा, ताबडतोब ये. तिवर लावायचे आहेत, आणि तुझ्याएवढं त्यातलं कुणाला कळतं?" तिवर म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. आता चूक माझीच. वाशिष्ठीच्या काठचे सगळे तिवर मी एकट्यानं एका सकाळी लावले, असं मागच्या शिमग्याला मीच त्याला सांगितलं होतं. खरं म्हणाल तर मी एकच झाड लावलं होतं, आणि ते शेजारच्या म्हशीनं खाल्लं.

चाळीत शिरलो आणि बघतच राहिलो. भिंतीवर हातभर अक्षरात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', आणि वर तिन्ही मजल्यांच्या गॅलरीत डालड्याचे डबे. प्रत्येक डब्यात काळा चिखल, चिखलात वीतभर रोप. चाळीला एवढा वास सुटला होता, की वाट विचारायची गरजच पडली नाही.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

दत्तारामनं मान खाली घातली. "आंदोलनात संचारबंदी लागली, लाकडाच्या वखारी बंद झाल्या. चुली थंड. मग मीच कोयता घेऊन मिठी नदीवर गेलो. माझ्यामागून सगळी चाळ. तिवर तोडून जाळले, काठ उघडा पडला रे. तिथं गोदाबाय चिंबोऱ्या (खेकडे) धरते. आता तिची टोपली रिकामी जाते. तिला शब्द दिलाय, होते तसे तिवर उभे करून देईन."

"पहिल्यांदाच लावताय?"

"दुसऱ्यांदा. पहिले वाहून गेले. हेही गेले, तर ती खाडी सोडून गिरणीत झाडू मारायला जाणार म्हणते."

तेवढ्यात कांबळे गुरुजी आले. म्युनिसिपल शाळेत चौथीला शिकवतात, चाळीच्या फळ्यावर रोज सभेची बातमी लिहितात, आणि तिच्याखाली मुलांसाठी एक प्रश्न. त्या दिवशीचा प्रश्न : 'तिवराच्या मुळ्या वर का येतात?' गुरुजींनी मला नमस्कार केला. "तुम्ही आलात, आता काळजी नाही." मला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी श्रावणातली शुद्ध अष्टमी. साडेतीनला गिरणीचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली. गिरणगावात माणूस जेवतो भोंग्यावर, झोपतो भोंग्यावर, लग्नाचा मुहूर्तदेखील पाळी बघून धरतो. तेव्हा नदीचं कामही भोंग्यावरच. डबे पोत्यात भरून ट्रामनं निघालो. कंडक्टर ओरडला, "ओ, शेत घेऊन कुठं चाललात?" हिंदमातेला दोन बायका नाकाला पदर लावून उतरल्या, त्यामुळे बसायला जागा मिळाली. दादरहून पुढे पायी.

काठावर साचेवाल्यांनी सुतळ्या ताणल्या. मागावर धागे ताणतात तशा, सरळ, समांतर, ओळीनं. मी कमरेवर हात ठेवून "ताण, अजून ताण!" म्हणून ओरडत होतो. अर्धी रोपं लावून झाली आणि पाणी घोट्याला आलं. मग पोटरीला. मी मागं सरकायला गेलो तो कमरेपर्यंत चिखलात. मी काही ओरडलो नाही. माहीमपर्यंत ऐकू गेलं ते दुसऱ्याच कुणाचं असणार.

एका दणकट हातानं मला काखेत धरून मुळ्यासारखं उपटलं. ती गोदाबाय.

"ह्यो कोन?"

"माझा भाऊ. तिवरांतला जाणकार," दत्ताराम म्हणाला.

"बरा हाय जाणकार. सोताच रुजत व्हता!" मग ती दत्तारामकडे वळली. "काय रं, दर्याला तुझा भोंगा आयकू येतो? अष्टमीला सांजच्याला भरती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पानी भरतं. आठाची पाऊणपट सहा. पोरांना पाढे येतात नं तुमच्या?"

गुरुजी पाण्यात उभे राहून पुटपुटले, "नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे ओहोटी सहा तास आधी, उद्या दुपारी पाऊण वाजता."

"तवाच लावा. भांग हाय (म्हणजे पाण्याला जोर कमी) तोवर मुळी धरंल. पुनवेच्या उधानाला उभं ऱ्हायलं, तर ऱ्हायलं. आन् त्या दोऱ्या काढा. सरळ रांगेतून पानी पळत जातं. तिरपी लावा, त्याला अडू द्या."

"पण पाऊण वाजता मी साच्यावर असतो गं!" दत्ताराम कळवळला. "कोयता मी चालवला. शब्द मी दिला."

"तू जा गिरणीत. चिखल काय तुझी वाट बघतो?"

त्या संध्याकाळी आम्ही उरलेले डबे आणि उपटून तरंगणारी रोपं गोळा केली. गुरुजींनी फळ्यावर नवी पाळी लिहिली : दुसऱ्या पाळीचे पुरुष, घरच्या बायका, चौथीची मुलं. आणि शेवटी माझं नाव. मी सर्वांसमोर कबूल केलं, की मी एकच झाड लावलंय आणि तेही म्हशीच्या पोटात गेलं. दत्तारामची बायको म्हणाली, "भावोजी, आम्हाला ठाऊक होतं. पण एक माणूस वाढतो ना!"

नवमीला आम्ही लावली. तिरपी, विस्कटलेली, गोदाबायच्या शिव्यांच्या तालावर. भोंगा झाल्यावर दत्ताराम धावत आला, केसांत कापसाचे तंतू तसेच. तोवर पाणी चढलं होतं, एक पान दिसत नव्हतं. तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. "आत हायत," गोदाबाय म्हणाली.

मग नारळी पौर्णिमा. दुपारच्या उधाणानं काठाची माती कापून नेली. साडेपाचला पाणी ओसरलं आणि आम्ही काठावरून रोपं मोजायला लागलो. काही रोपं गेली होती. बरीचशी मात्र चिखल माखून, वाकडी होऊन, उभी होती. दर्याला नारळ वाहून आलेली गोदाबाय नव्या लुगड्यानिशी खाली उतरली. एका रोपाच्या बुडाशी तिनं बोटं घातली आणि "आई गं!" करून हात वर काढला. बोटाला नखाएवढी चिंबोरी लटकली होती. तिनं ती हळूच सोडवून परत चिखलात ठेवली.

"लहान हाय. वाढू दे." मग दत्तारामकडे न बघता म्हणाली, "पोरांना आन उद्या. मीच शिकवीन. गुरुजी पन बसू देत."

दत्ताराम खाली बसला आणि चिखलानं भरलेल्या हातांनीच त्यानं तोंड झाकलं.

चिपळूणला परत आलो तेव्हा सगळी आळी ओटीवर जमली. राणीची बाग, चौपाटी, मोर्चे, सगळं विचारून झालं. मी चिंबोरीचं सांगितलं.

"केवढी होती, अण्णा?"

सगळे सरसावून बसले. पूर्वीचा मी असतो, तर बैलगाडीला जुंपून आणली असती. पण त्या बाईचं अख्खं पोट त्या जिवावर होतं.

"नखाएवढी," मी म्हणालो, आणि पुढे एक अक्षरही वाढवलं नाही.