मारियामातेच्या दिव्याचं तेल

कार्नियाच्या डोंगरातल्या त्या गावात सायकल बिघडली की नीवेसकडे जायचं. वडिलांचं दुकान तिने हाती घेतलं तेव्हा पुरुष हसले होते. पुढे तेच मुकाट्याने सायकली आणून टेकवू लागले. आणि आता घरच्याच, नवऱ्याच्या सायकलचा ब्रेक तिला दाद देत नव्हता.

तिने केबल बदलली, ब्रेकचे रबर बदलले. संध्याकाळी चाक जागच्या जागी थांबे, सकाळी पुन्हा सरके. रविवारी खिंडीवरच्या चॅपेलमध्ये सायकलींना आशीर्वाद मिळाला की सगळे घाट उतरणार होते. साठी उलटलेला तिचा नवरा दुइलिओ नेहमीसारखा सर्वांच्या पुढे. खाली वळणं अशी की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

रविवारी दुइलिओ सायकलवरून घाट चढला. नीवेस सासूला आणि हत्यारांना घेऊन गाडीने वर आली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, माणसं टोप्या चढवू लागली. नीवेस शेवटचं बघायला वळली आणि थबकली. सासू आर्जेंटिना चाकाशी वाकून फडकं फिरवत होती. थेट रिमवर.

"आई, काय करताय?"

"मारियामातेच्या दिव्याचं तेल लावतेय. नोव्हेनाची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाल्यापासून रोज रात्री लावते. पोराला काही होऊ नये म्हणून."

नीवेस बाहीनेच रिम पुसू लागली. "अहो, तेलावर ब्रेकचं रबर पकड घेईल कशी? हँडलला लावा, सीटला लावा, त्याच्या टकलाला चोळा! रिमला नको!"

"आशीर्वाद पुसतेस? देवाला भीत नाहीस?"

"दरीला भिते."

"काय रे दुइलिओ," सायकलवर बसलेला जेल्मो ओरडला, "बायको सोडते ना, की गाडीत बसवून नेते?"

दुइलिओचे कान लाल झाले. "राहू दे गं. आईचं मन मोडू नकोस. हळू जाईन मी."

"हळू? तू?" नीवेसने सायकल उलटी करून दगडी पायरीवर ठेवली. "ग्राप्पा कुणाकडे आहे?"

जेल्मोने कुरकुरत खिशातली बाटली काढली. "माझं औषध आहे ते!"

तिने स्वच्छ चिंधी त्या कडक दारूत भिजवून रिमवरचं तेल पुसलं. चिंधी तेलकट झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. रबर काढून कानशीने वरचा चकचकीत थर खरवडला. बाकीचे निघाले, तरी ती उठली नाही. शेवटी सायकल उभी केली आणि पुढचा ब्रेक दाबून ढकलली, तेव्हा पुढचं चाक जागीच अडलं आणि मागचं जमिनीवरून उचललं गेलं.

"जा आता."

दुइलिओ आईकडे न बघताच सुटला. आर्जेंटिना मान फिरवून उभी होती. नीवेस कठड्याला टेकली. पहिलं वळण तिथून दिसत नसे, ऐकू मात्र येई. आधी नुसता वारा ऐकू आला. मग खालून ब्रेकची कर्कश किंचाळी आली, आणि चाकांची घरघर पुन्हा सुरू झाली.

तिने श्वास सोडला. सासूने तिचं मनगट पकडलं, आणि दोघी दुसऱ्या वळणाकडे कान लावून उभ्या राहिल्या.