कूकाचं रोजचं गिऱ्हाईक

पुएब्ला शहरातल्या आमच्या मंडईत मोलेच्या रांगेला आता रांग म्हणणं ही थट्टाच आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दुकान, एकच पाटी, आणि पाटीवर एकच नाव, एलोदिया. पूर्वी इथे सात जणी बसत. सगळ्यांच्या पुढ्यात सारखेच ढीग, काळ्या मोलेचा, लाल मोलेचा, हिरव्या मोलेचा. मिरच्या, तीळ आणि कुठे चॉकलेट घालून केलेलं तेच ते वाटण. गिऱ्हाईक एका टोकाला चमच्याने चाखायला सुरुवात करायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याची न्याहारी उरकलेली असायची. मग जी सगळ्यांत कमी भाव सांगेल तिच्याकडून पाव किलो बांधून घ्यायचं.

तरी रांगेत भांडणं फार होत नसत, आणि त्याला कारण भवानीची रीत. सकाळी पहिली विक्री झाली की बाई ती नोट कपाळाला, छातीला, खांद्यांना लावून क्रूस करायची, नोटेचा मुका घ्यायची, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की आधी मान वळवून बघायची. शेजारणीची भवानी व्हायची असेल तर सांगायची, "आज तिच्याकडून घ्या." ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडायची मात्र कुणाची छाती झाली नव्हती.

नवरा वारल्यावर एलोदिया तान्ही पोर पाठीशी बांधून कोपऱ्यातल्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा तिची पहिली भवानी शेजारच्या कूकाने पाठवलेल्या गिऱ्हाइकानेच झाली. पुढे कूकाने त्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरलं आणि धर्माची आई झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. कूका वयाने मोठी, अंगाने भरलेली, कानांत सोन्याच्या रुंद बाळ्या, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. खरं सांगायचं तर तिचा मोले बेताचाच. ओट्यावरच तीळ भाजायला घ्यायची आणि गप्पांत रंगायची. तीळ करपायचे, मोले कडसर लागायचा. पण रीत होती तोवर करपलेल्या मोलेचंही पोट भरत होतं.

मग समोरच्या रस्त्यावर मोठं सुपरमार्केट उघडलं आणि तिथे बरण्यांत भरलेला मोले मिळू लागला. सातही जणींनी भाव उतरवले. एकीने उतरवला की दुसरी आणखी उतरवायची. एलोदिया फारशी शिकलेली नव्हती, पण तिचं डोकं शांत चालायचं. तिने सगळ्यांना एका दुपारी बसवून सांगितलं की आपण सात जणी एकच माल विकतो म्हणून भावावर मरतो आहोत. एकेकीने एकच मोले धरावा आणि तो असा करावा की त्यासाठी माणूस लांबून येईल. मिरच्या सुगीच्या वेळी सगळ्यांनी मिळून शेतावरूनच उचलाव्यात. बायका हसल्या. कुणी म्हणाली, आता ही आपल्याला शाळेत घालणार. कूका म्हणाली की काळ्याशिवाय मला काही धड येत नाही, आणि काळा तर तूच घेणार.

एलोदियाने मग एकटीनेच केलं. लाल आणि हिरवा बंद करून फक्त काळा ठेवला. खानावळींना पहाटेच माल द्यायचा म्हणून बाकीच्यांच्या आधी दुकान उघडू लागली. एका वर्षात लग्नांच्या मोठाल्या मागण्या तिच्याकडे यायला लागल्या.

पहाटे उघडायचं म्हणजे भवानीही पहाटेच व्हायची. रीतीप्रमाणे त्यानंतरची सगळी गिऱ्हाइकं सहा जणींना वाटून द्यायची, आणि तीही गर्दीच्या वेळी. काही महिने तिने दिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण राबून लांबून ओढून आणलेला माणूस आपल्याच तोंडाने शेजारी धाडतो आहोत. एका सकाळी तिने मान वळवलीच नाही.  कूका तेवढी दिवसभर गप्प होती.

त्यानंतर एकेक ओटा रिकामा होत गेला. एलोदियाने कुणाला हाकललं नाही, योग्य मोल देऊन जागा घेतल्या, मधल्या फळ्या काढल्या. तिचं चुकलं असं व्यापार कळणारा कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. शेवटी उरली एकटी कूका. दुपार व्हायची तरी हिची भवानी झालेली नसायची. माश्या वारत बसायची, आणि एलोदियाच्या दुकानापुढची झुंबड बघून हसून म्हणायची, "वा, कोमाद्रे, तुझ्याकडे आज सणच दिसतोय." एलोदियाला ते हसणं बघवायचं नाही, ती माल बांधायला वळायची.

आपल्या दुकानात ये, गल्ल्यावर बस, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं. कूकाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उसने पैसे तर तिने घेतलेच नसते. तेव्हा एलोदियाने एक युक्ती काढली. तिच्या घरी धुणं धुवायला नातिविदाद नावाची बाई येई, मंडईत तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्या हातात पैसे देऊन एलोदिया तिला रोज सकाळी कूकाकडे पाठवू लागली. अर्धा किलो काळा मोले घ्यायचा, भावाची घासाघीस करायची नाही, फार बोलायचं नाही. तो मोले मागच्या दाराने एलोदियाच्या वखारीत यायचा. विकवत नव्हता आणि टाकवतही नव्हता, म्हणून नुसता पिंपात साठत राहिला.

कूकाचा चेहरा मात्र फुलला. सकाळी सकाळी नोट कपाळाला लागायची, मग ती उठून ओटा पुसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. एलोदियाला वाटलं, आपल्या पापाला हा उतारा मिळाला. वर्षभर तिला छान झोप लागली.

मृतांचा सण जवळ आला. त्या दिवसांत घरोघरी गेलेल्यांसाठी मोले रांधतात, मंडईत पाय ठेवायला जागा नसते. एका दुपारी कूका खुशीत आली आणि म्हणाली की या वर्षी आपण सणासाठी पाचपट माल करणार, मिरच्यांची पोती सांगूनही आलो. एलोदियाने तिच्याकडे पाहिलं. कूकाच्या कानांत बाळ्या नव्हत्या.

एलोदियाने हातातला चमचा खाली ठेवला. "कोमाद्रे, एवढ्या मिरच्या नको घेऊस. या वर्षी दिवस बरे नाहीत."

"तुझ्या दारात तर रेटारेटी आहे. माझ्यासाठीच दिवस वाईट झाले होय?"

"तसं नाही गं. माल उरला तर काय करशील?"

"उरतोय कशाला? अगं, ती बाई रोज अर्धा किलो नेते. घरात रोज कोण एवढा मोले खातं? खानावळच असणार तिची. खानावळवालीची जीभ फसते का कधी? वर्षभर एक दिवस चुकली नाही." कूका ओट्यावर रेलून बसली. "इतकी वर्षं तूच सांगत होतीस ना, कूका, धंदा वाढव, कूका, धंदा वाढव. आता वाढवते आहे तर तुला बघवत नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण सांगायचं म्हणजे वर्षभराची प्रत्येक सकाळ तिच्या हातून काढून घ्यायची, त्या नोटा खोट्या, तो क्रूस खोटा, ते हसणं खोटं. एलोदियाच्या जिवावर आलं. ती एवढंच म्हणाली, "तुझी मर्जी." कूकाने पाठ फिरवली. त्यानंतर त्या शेजारी बसत, पण बोलत नसत.

सण आला आणि गेला. गर्दी आली ती एलोदियाच्या पाटीकडे. काही माणसं कूकाच्या ढिगातला चमचाभर चाखून पुढे सरकली. नातिविदादला एलोदियाने त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाठवलं, तिच्या बहिणीला पाठवलं, जावेला पाठवलं. पाचपट मालाचा डोंगर तीन बायकांच्या पिशव्यांत थोडाच मावतो. बाळ्या गेल्या त्या गेल्या, आणि नाताळच्या आधी कूकाने ओटा सोडला. ती त्लास्कालाला भावाकडे राहायला निघाली.

जायच्या सकाळी ती एलोदियाच्या दुकानात आली. हातात झाकण बांधलेलं मातीचं भांडं होतं. रागाचा मागमूस नव्हता. उलट तिनेच एलोदियाच्या गालाला गाल लावला.

"माझी बाई येईल ना, रोजची, तिला हे दे. पैसे घेऊ नकोस."

एलोदियाने भांड्याकडे बघतच विचारलं, "कोण बाई, कसं ओळखू?"

"ओळखशील. बारीक आहे, साबणाचा वास येतो अंगाला, बोलत नाही." कूका जरा थांबली. "कोमाद्रे, सगळ्यांनी मला सोडलं. तूसुद्धा. मी तुला दोष देत नाही, धंदा आहे. पण ती एक बाई होती म्हणून मला वाटायचं, आपलंही कुणीतरी आहे. तिला सांग, कूकाने आठवण काढली."

एलोदियाने भांडं घेतलं. सांगेन म्हणाली. कूका बसकडे निघून गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात तिकडेच वारली.

भांडं एलोदियाने त्याच संध्याकाळी उघडलं. भाकरीसारख्या गरम तोर्तियाचा तुकडा मोडून मोलेत बुडवला आणि तोंडात घातला. ती चावायची थांबली. मोले कडसर नव्हता. तीळ जरासुद्धा करपले नव्हते, गोडसर, खमंग, तिच्या स्वतःच्या मोलेपेक्षाही उजवा लागत होता. या खेपेला तीळ भाजताना कूका कुणाशी बोलली नव्हती. बोलायला रांगेत कुणी उरलंच नव्हतं.

एलोदियाने तो मोले पुसून पुसून संपवला. रडतच संपवला.