वसंताला वाचता यील का?

काही किस्से घडत असतात तेव्हा हसू येत नाही, डोकं दुखतं. वर्षं गेली की तेच चारचौघांत सांगायला कामी येतात. माझ्याकडं असा सगळा साठा एकाच कामातून जमला. वरकुट्याच्या गावकरी मंडळाची वेबसाइट! पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण तिनं माझा जेवढा जीव खाल्ला तेवढा पुढं माझ्या पोरांनीही खाल्ला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापुरात स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या माडीवर माझा कंप्युटर क्लास होता. इंटरनेट फोनवरून चालायचं. खालच्या दुकानदारानं रिसीव्हर उचलला की तुटायचं, आणि तो दिवसभर उचलायचाच.

मंडळाचे अध्यक्ष आबा. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस. त्यांचा मुलगा वसंता पुण्यात एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होता. त्याला दिसत नव्हतं. तिकडं अंधांच्या एका संस्थेत बोलणारा कंप्युटर आला होता, पडद्यावरचं वाचून दाखवणारा. हे आबांना कळलं आणि तिथून वेबसाइटचं खूळ सुरू झालं.

फोन होता की, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, फोनवर तो म्हणतो बरं हाय, मी म्हणतो बरं हाय, आन् दोघंबी ठिवून देतो. गावातलं काही त्याला कळतच नाही.

त्यामुळं दर बैठकीच्या शेवटी, जोड्यात पाय घालता घालता आबांचा एकच प्रश्न असायचा. "पोरी, वसंताला वाचता यील का?"

मी "येईल" म्हणायचे. कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

*

पहिलं पान मंडळानं लग्नपत्रिकेसारखं केलं. आधी देव, मग आबा, मग सगळ्या भावक्यांतले जाणते, प्रत्येकाचा फोटो. एक वगळावा तर त्याची भावकी रुसणार. एवढे फोटो टाकले तर पान उघडायला युगं लागतील, हे मी जीव तोडून सांगितलं. पत्रिकेतलं नाव गाळून कुणाचं लग्न झालंय का, असं मलाच विचारण्यात आलं.

तात्या म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा भाचा मस्कतला होता, त्यानं पान उघडलं. फोटो त्या काळी वरून खाली, रेघ रेघ करत उतरायचे. त्यानं मामाला फोन केला. तात्यांनी कौतुकानं विचारलं, दिसलं का सगळं?

"मामा, फेटे आल्यात. माणसं अजून यायचीत."

*

मग रंग. मंडळातले निम्मे खंडोबाचे भक्त, त्यामुळं पान भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगाचं हवं. बरं, ठीक. पण अक्षरंही त्याच रंगाची हवीत, जरा फिकी! पिवळ्यावर पिवळं. मी स्वतः टाइप केलेलं मला दिसेना.

काळी अक्षरं सुचवली तर शुभकामात काळं कशाला म्हणून वाद झाला. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी मी दमून तात्यांना म्हटलं, अहो, लोकांनी वाचायचं कसं?

"वाचायला कुणाला पायजे? दर्शन झालं म्हंजे झालं."

कोपऱ्यातून आबांनी घसा खाकरला आणि वसंताचं काय, असं विचारलं. त्याला रंगाशी कर्तव्य नाही हे खरं, पण वाद तिथंच मिटला. अक्षरांना कुंकवाचा रंग द्यायची तडजोड निघाली.

*

फाँटचा ताप तर सांगू नये असा. मराठी अक्षरं दिसायची तर समोरच्याच्या कंप्युटरवर आमचाच फाँट बसवावा लागे. नसेल तर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. बारामतीला राहणाऱ्या एका गावकऱ्यानं तो चिवडा पाहिला आणि गावावर कुणी करणी केली का, अशी चौकशी केली.

तात्यांनी यावर आपला तोडगा काढला. फाँट फ्लॉपीत भरायचा आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची, डबा देतात तशी. पहिलीच फ्लॉपी बारामतीला न उतरता डेपोत मुक्कामाला गेली. मग तो गावकरी दुसरी फ्लॉपी न्यायला स्वतःच इंदापूरला आला. माझ्या क्लासात बसून त्यानं तात्यांकडून गावातलं सगळं ऐकलं. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची सून माहेरी गेली, जत्रा कधी. दोन चहा झाले. समाधानानं उठला आणि गाडी धरून परत गेला.

फ्लॉपी टेबलावरच राहिली.

*

मधल्या काळात मंडळाला पळणारी अक्षरं हवीशी वाटली. टीव्हीवर खालून बातम्या सरकतात, तशी जत्रेची सूचना सरकावी. मी नको म्हटलं. आता माझं नको कोण ऐकतो? सरकवली.

तात्यांना मोतीबिंदू. ते पडद्याला नाक लावून बसले आणि अक्षरांबरोबर मान फिरवू लागले. तारीख आली की चष्मा सावरायचे, तोवर तारीख पसार. परत सूचना पहिल्यापासून. मान दुखायला लागल्यावर ते माझ्यावरच उखडले. जत्रेची सूचना अशी पळवतात का, माणसानं उभं राहून सांगायची असती!

मी सूचना उभी केली. इतका आनंद मला त्या वर्षात दुसरा झाला नाही.

*

आणि मग एक दिवस क्लासात वसंताचा फोन आला. त्यानं संस्थेत जाऊन आमची वेबसाइट उघडली होती. आबा समोरच बसले होते. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मॅडम, मंडळ लय मोठं हाय वाटतं. मशीन नुसतं इमेज, इमेज, इमेजच म्हणतंय."

फोटो त्याच्या मशीनला कळत नव्हते आणि आमचा मराठी फाँट तर त्या मशीनच्या बापालाही कळला नसता. हे मी आबांना सांगितलं. एवढी ऊरस्फोड केली ती ज्याच्यासाठी, त्यालाच त्यातलं अक्षर पोचलं नव्हतं. आबा उठले. कपबशी तशीच ठेवून जिना उतरून गेले.

मी हट्टाला पेटले. मंडळाला न विचारता एक साधं पान केलं. फोटो नाही, पिवळं नाही. गावच्या बातम्या मराठीतच, पण मशीनला वाचता येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिल्या. वसंतानं ते पान ऐकलं आणि कळवलं की गोरा साहेब बांधावर उभा राहून मराठी बोलतोय असं वाटतं, पण कळतंय सगळं. त्यावर त्यानं विचारलं, त्या फोटोंत कोण कोण आहे?

*

फोटोच्या मागं एखादी ओळ लिहून ठेवता येते. डोळसांना ती दिसत नाही, मशीन मात्र वाचतं. मी बैठकीत हे समजावलं आणि ज्यानं त्यानं आपल्या फोटोची ओळ सांगावी म्हटलं.

तात्यांनी सुरुवात केली. कार्यसम्राट, तडफदार, माजी टाइमकीपर. मी म्हटलं, तात्या, पदव्या नकोत, फोटोत दिसतं तेवढंच सांगा. ज्याला दिसत नाही त्याला सांगायचंय. तात्या आपल्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिले.

"मग नुसतं नाव लिव्ह."

एकेक करून सगळे सांगून गेले. कुणी कोट सांगितला, कुणी गळ्यातली माळ. आबा मात्र थांबून राहिले. जिन्यावरचे आवाज विरल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. वसंताची नजर तो सातवीत असताना तापात गेली, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. बाकी सगळं त्याला येतं म्हणाले, एकटा पुणं फिरतो.

मी कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "आबा, तुमच्या फोटोला काय लिहू?"

"लिव्ह, मिशी काळीभोर."

मी पडद्यावरच्या फोटोकडं पाहिलं. मिशी पांढरीशुभ्र होती. भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या.

"अहो आबा, फोटोत तर..."

"फोटो तुमाला ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "त्यानं बघितली तवा काळीच व्हती. त्याला तीच लिव्ह."