फॉर्मवर नंबर कुणाचा

शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडताना मी एक नियम कधीच मोडला नाही. मुलं पुढे, पालक मागे, आणि मध्ये दोन रांगा रिकाम्या. लंडनमध्ये स्टॅनमोरजवळच्या एका सरकारी शाळेत मी करिअर्सचं काम बघायचे. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी युनिव्हर्सिटी प्रवेशाची माहिती देणारे संध्याकाळचे कार्यक्रम भरवणं माझ्याकडे होतं. आमच्या शाळेतले झाले की आजूबाजूच्या शाळाही बोलवायच्या. दोन रांगा रिकाम्या कशाला, असं हेडबाईंनी एकदा विचारलं. मी म्हटलं, आमचे लोक आले की तुम्हाला कळेलच. मुलाला प्रश्न विचारला की आमच्याकडे उत्तर बापाच्या तोंडून येतं, आणि बाप गप्प बसला तर आईचं कोपर मुलाच्या बरगडीत जातं. कोपर पोचणार नाही एवढं अंतर ठेवावंच लागतं.

कार्यक्रमाच्या शेवटी मी एक खेळ घ्यायचे. स्टेजवर एक फोन, बाजूच्या खोलीत दुसरा. खोलीत मी युनिव्हर्सिटीची प्रवेश कचेरी होऊन बसायची आणि स्टेजवरून मुलानं मला फोन करायचा. मी मुद्दाम तुटक बोलायची, मध्येच थांबवायची, 'होल्ड प्लीज' म्हणून लटकत ठेवायची. निकालाच्या दिवशी एखादा ग्रेड हुकला तर नेमकं हेच करावं लागतं, आणि ते मुलानंच करावं लागतं. अर्ज ज्याचा, त्याच्याशीच ती माणसं बोलतात. शेवटी हॉलमध्ये परत येऊन मी दरवेळी एकच वाक्य दोनदा म्हणायची: फॉर्मवर मोबाइल नंबर मुलाचा. बापाचा नाही, आईचा नाही, मावशीचा तर नाहीच नाही. लोक हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण हसणारे ऐकत नसतात.

त्या वर्षी फोनच्या खेळासाठी आमच्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टरांची मुलगी उठली. डॉक्टर मूळचे नागपूरचे, जवळच्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. माणूस दिलदार. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या आधी हजर. मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. मुलीला मेडिसिन करायचं होतं, आणि ते तिचं तिलाच करायचं होतं. प्रत्येक शनिवारी ती एका वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना भरवायची, ते करायला तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

फोनवर मात्र तिचा आवाज फुटेना. मी पलीकडून दरडावून नाव विचारलं, तेवढ्यात दुसराच आवाज कानात आला. बाहेर येऊन बघते तर डॉक्टर दोन्ही रिकाम्या रांगा ओलांडून स्टेजवर, रिसीव्हर त्यांच्या हातात.

"वहिनी, हा ड्रामा कशाला?" ते हसत म्हणाले. "वेळ आली तर मी बोलेन ना. कन्सल्टंट म्हटलं की समोरचा नीट बोलतो. हिचा फोनवर आवाजच निघत नाही."

मुलगी खाली बुटांकडे बघत होती. माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, जागेवर बसा," मी म्हटलं.

ते बसले, पण चेहरा पडला. पुढचे दोन महिने मंडळात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

जानेवारीत तिला नॉटिंगहॅमची ऑफर आली. अट अशी: दोन ए, एक बी, आणि केमिस्ट्रीत ए हवाच. आपल्याकडे आधी मार्क आणि मग अ‍ॅडमिशन. इथे आधी ऑफर, आणि परीक्षा उन्हाळ्यात. हे मी इतक्या कार्यक्रमांत फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिची आई तिळगुळाबरोबर पेढे वाटत होती. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी मिठाईवाल्याकडे जाऊन खास आणलेले.

"अहो, ही ऑफर आहे, अ‍ॅडमिशन नाही," मी हळूच म्हटलं.

"आधी तोंड गोड करा तुम्ही," असं म्हणून त्यांनी पेढा माझ्या तोंडातच कोंबला. मग बोलणार काय! संध्याकाळपर्यंत हॅरोपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना कळलं की डॉक्टरांची मुलगी डॉक्टर होणार. मुलगी कोपऱ्यात उभी होती, हातात पेढा तसाच. त्या पेढ्यांची मला खरंच भीती वाटली.

ऑगस्टमधल्या निकालाच्या गुरुवारी मी सकाळपासून माझ्या छोट्या खोलीत बसले होते. बाहेर हॉलमध्ये पाकिटं फुटत होती, किंकाळ्या, मिठ्या, रडारड. ती आत आली तेव्हा तिच्याकडे बघूनच मला कळलं. बायोलॉजी ए, मॅथ्स ए, केमिस्ट्री बी. दोन ए आणि एक बी झाले होते, पण बी भलत्या जागी पडला होता.

तिनं आईबाबांना येऊ दिलं नव्हतं. बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये, आई घरी देवापाशी. कुणालाच अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"मिस, आय हॅव टु कॉल, ना?"

मी नुसती मान हलवली. तिनं स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. बराच वेळ एंगेज्ड, मग रिंग, मग संगीत, मग माणूस. आणि ती बोलली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. नाव, अर्जाचा नंबर, ग्रेड, केमिस्ट्रीत काय झालं, तरीही मेडिसिनच का. मी टेबलाची कड धरून बसले होते. वृद्धाश्रमातल्या एका आजींबद्दल ती दोन वाक्यं बोलली, तेव्हा पलीकडचा माणूस बहुतेक ऐकत होता, कारण त्यानं मध्ये थांबवलं नाही. "थँक यू, येस, आय विल बी हिअर," म्हणून तिनं फोन ठेवला.

"ट्यूटर्स ठरवतायत. बारापर्यंत ते कॉल करणार. फॉर्मवर जो नंबर आहे, त्याच्यावर."

"छान बोललीस गं," मी म्हटलं. आणि बघते तर तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला.

"काकू." शाळेत ती मला मिसच म्हणायची, काकू फक्त मंडळात. "फॉर्मवर बाबांचा नंबर आहे."

नंतर तिनं सांगितलं, अर्ज भरताना डॉक्टर म्हणाले होते, तुझा फोन कायम सायलेंटवर, क्रेडिट संपलेलं; महत्त्वाचा कॉल आला तर घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायला नको का? यात त्यांना काही चुकीचं वाटलं नव्हतं. त्यांच्या घरी गॅसच्या कनेक्शनपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळीकडे वडिलांचंच नाव आणि नंबर असणार. आणि तो फोन आत्ता थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये, लॉकरमध्ये बंद होता.

ती पुन्हा युनिव्हर्सिटीचा नंबर लावू लागली. एंगेज्ड. पुन्हा. एंगेज्ड. मी टेबलावरच्या फोनवरून हॉस्पिटल गाठलं. स्विचबोर्डनं थिएटरला जोडून दिलं. नर्स म्हणाली, डॉक्टर पेशंटपाशी आहेत, इमर्जन्सी आहे का? खरं सांगते, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण तिथे टेबलावर कुणीतरी बेशुद्ध पडलेलं, आणि त्याचा श्वास या माणसाच्या हातात. मी म्हटलं, इमर्जन्सी नाही, पण बाहेर आल्याबरोबर लॉकरमधला फोन बघा आणि शाळेत मला फोन करा, एवढा निरोप द्या.

मग आम्ही दोघी बसून राहिलो. म्हणजे मी बसले, ती उभीच. अंगठा रीडायलवर. दर वेळी तोच तुटक आवाज. एखादी जागा शिल्लक असेल तर ती कुणासाठी किती वेळ धरून ठेवतात, हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून घड्याळाकडे बघायचं मी टाळत होते. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. त्यांनी त्या दिवशी दोन रांगा ओलांडल्या होत्या, आणि त्या मी अजून मोजत होते.

टेबलावरचा फोन वाजला.

"वहिनी, मिस्ड कॉल होता. मी लगेच परत लावला." डॉक्टरांना धाप लागली होती. "म्हटलं, मी तिचा फादर आहे, कन्सल्टंट आहे, मला सांगा. ते म्हणे, दॅट्स लव्हली, पण आम्हाला तिच्याशीच बोलायचंय. मी म्हटलं, अहो, मी बाप आहे तिचा! सॉरी, म्हणाले. काय झालंय? किती मिळाले तिला? तिला द्या फोन."

ती समोरच होती. तिनं मान हलवली, नाही. अंगठा पुन्हा रीडायलवर.

"डॉक्टर, मिस्ड कॉल कुठल्या नंबरवरून आला? स्क्रीनवर असेल. तो वाचून दाखवा."

"आधी मला सांगा तरी..."

"नंबर वाचा."

मग ते एकेक आकडा म्हणू लागले, सावकाश, पेशंटच्या औषधाचा डोस सांगावा तसे, आणि शेवटी न सांगता पुन्हा एकदा सगळा नंबर म्हणाले. तो प्रवेश कचेरीचा थेट नंबर होता. मी तो निकालाच्या पाकिटावर लिहून तिच्यापुढे सरकवला.

"मी लाईनवर थांबतो," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

"नको," मी म्हटलं. "तीच बोलेल. ठेवते मी." आणि ठेवला. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथेच कुठेतरी विरला, आणि त्याचा मला जरा रागच आला.

तिनं नंबर लावला. एका रिंगमध्ये कुणीतरी उचलला. नाव, जन्मतारीख, अर्जाचा नंबर. "येस, दॅट वॉज माय डॅड. सॉरी." मग ती फक्त ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळेना. बाहेर कुणीतरी आनंदानं ओरडलं, तसं मी उठून दार लावून घेतलं. "येस," ती म्हणाली. "येस, आय डू. थँक यू." तिनं मोबाइल टेबलावर ठेवला, आणि मग खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"घेतलं मला," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला नाही आलं. मी डोळे पुसून टेबलावरच्या फोनकडे हात नेला. "आधी बाबांना सांग. ते तिकडे जीव टांगणीला लावून बसले असतील."

तिनं माझा हात हलकेच धरला.

"थांबा ना, काकू. फाइव्ह मिनिट्स. एकदा त्यांना सांगितलं ना, मग सगळ्यांची होईल ही न्यूज. नागपूरला, मंडळात, पेढे वगैरे. आत्ता फक्त मला माहीत आहे." मग माझ्याकडे बघून जरा हसली. "आणि तुम्हाला. पण तुम्ही काउंट नाही होत."

मी खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात फोन वाजायला लागला. कुणाचा ते दोघींनाही माहीत होतं. मीही आई आहे, तो उचलायला माझा हात शिवशिवत होता. ती खिडकीतून बाहेर पार्किंगकडे बघत शांत बसली होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि फोन वाजू दिला.