माइकचा आवाज चपलांजवळ ठेवा

“आऽऽऽ!” मी असा ओरडलो की खिडकीची काच थरथरली आणि खाली स्टँडवरच्या तीन रिक्षा आपोआप सुरू झाल्या. शपथेवर सांगतो.

“बस, बस!” स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. “हा माइकचा आवाज आहे. तो बाहेर चपलांजवळ ठेवा. बायकोशी बोलता तो आवाज द्या.”

चूक माझीच. मी बैलगाडी शर्यतीत माइकवर बोलतो. चार महिने आवाज बसला होता, पण लोक म्हणायचे, “दादा, आवाज काय कडक झालाय!” म्हणून मी खूश. शेवटी कान-नाक-घशाचे डॉक्टर स्पष्ट बोलले, “तीन आठवड्यांवर आवाज बसला की तपासायचाच. कॅन्सरही असू शकतो.” मग मी काय केलं? गुळण्या करून, ज्येष्ठमध चघळून, आवाज मुलगी दाखवायला आणतात तसा नटवून मॅडमकडे तपासणीला आणला!

आता साधा ‘आ’ काढला. मॅडमनी डोळे मिटले. मलाही गुंगी आली. वाटलं, माझा आवाज खिडकीतून निघाला, सुकापूरच्या इमारतींवरून तरंगत नेऱ्याच्या डोंगरांकडे चाललाय. मागे वळूनही बघत नाही.

“रफनेस आहे, म्हणजे खरखर,” त्या हळूच म्हणाल्या. “ब्रेदीनेसही आहे, म्हणजे आवाजातून हवा गळते. स्वरतंतूवर काहीतरी असावं. पण कानाला फक्त शंका येते. बघायला दुर्बीणच लागते.”

त्याच दिवशी लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीतून घसा पाहिला. पॉलिप निघाला, छोटा फोड. मसुराएवढा; गावात मी सुपारीएवढा सांगितला, सासुरवाडीला नारळाएवढा.

ऑपरेशन करून तो तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत पूर्ण मौन. ते दिवस पाण्याखाली गेल्यासारखे गेले. बायको ओठ हलवायची, पंखा फिरायचा, आणि मी आतल्या आत विचारायचो: आता माझा आवाज मलाच आठवेल का?

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मी रडलो, तेही बिनआवाज.

पुढे तीन महिने थेरपी. बाबांनो, आवाज बसला तर शेजारच्याचा काढा पिऊ नका, आधी घसा दाखवा. आणि ऐकणाऱ्याला खोटा आवाज ऐकवू नका.

परवा ओवे गावच्या शर्यतीत ऑपरेशननंतर पहिल्यांदा माइक घेतला. न ओरडता, हळू बोललो. खाली उतरलो. एका म्हाताऱ्या गाडीवाल्याला विचारलं, “काका, कसा वाटला आवाज?”

“काय म्हाईत,” तो म्हणाला. “आमी बैलांकडं बघत होतो.”