आधी सरकार

थॉर्नकोम गावची रीतच होती. रविवारी प्रार्थना संपली की आधी लॉर्ड थ्रेल उठणार, मग गाव. ते चर्चबाहेर पडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

थ्रेलसरकार घोडदळातले कर्नल. पलटणीत पुढे, शिकारीत पुढे, आणि बोलण्यात तर विचारूच नका! पण क्रिमियाच्या लढाईवरून आले ते गप्पच झाले. लोक म्हणाले, वय झालं. वय कसलं डोंबलाचं! तेव्हा पस्तिशीही उलटली नव्हती.

खरं काय ते त्यांना एकट्यालाच ठाऊक. माघार घेताना त्यांची घोडी कोसळली. शेजारी जोएल होता, गावातल्या मर्सी धोबिणीचा एकुलता एक. सरकारांनी त्याला खाली उतरवलं, त्याच्या घोड्यावर टांग टाकली आणि म्हणाले, "ये मागून." तो काही आला नाही. मर्सीला मात्र त्यांनी सांगितलं, "तुझा मुलगा माझ्याही पुढे होता."

वीस वर्षं ते खोटं त्यांना आतून खात राहिलं. यंदा डॉक्टरने हृदयाची आशा सोडली, तेव्हा त्यांनी ठरवलं, मरायच्या आधी मर्सीला खरं सांगून टाकायचं. प्रार्थनेनंतर वेदीवरची चादर धुवायला न्यायची म्हणून ती एकटी मागे राहायची. त्या रविवारी सरकार उठलेच नाहीत. गाव निघून जाऊ दे, मग बोलू.

पण गाव कसलं उठतंय! सरकार बसलेले, म्हणून सगळे बसलेले. पाद्रीबाबांनी उगाच आणखी एक स्तोत्र म्हणवून घेतलं.

"आज इथंच मुक्काम का?" लोहार कुजबुजला. "घरी मटणाचा कोळसा झाला असेल."

"गप बसा हो, ऐकतील!" बायकोने कोपर मारलं.

शेवटी मर्सीच काठी टेकत पुढे आली. "गुडघे धरले वाटतं, सरकार? द्या हात."

"मर्सी, आज तू हो पुढे." सरकार हळूच म्हणाले. "मला जोएलबद्दल..."

"मी आणि पुढे? काहीतरीच!" म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली. "तुमच्या पुढे जायचा मान आमच्या घरात एकालाच मिळाला, सरकार. त्याच्यावरच तर जगले मी."

सरकारांना कळून चुकलं. फार उशीर झाला होता. आता खरं सांगायचं म्हणजे तिचा मुलगा दुसऱ्यांदा मारायचा.

तिचा हात धरून ते उठले, हात सोडला, आणि नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे बाहेर पडले. मर्सी मागून येत होती.