ओतिलियाच्या अकरा टिटव्या

रविवारी चौकात कारागिरांचा बाजार भरला की बाकीचे सगळे आपापल्या टेबलामागे बूड टेकून बसायचे. एदेल्मिरा मात्र माल मांडून झाला की पाच मिनिटांत पसार. चामड्याचं काम करणाऱ्याशी उभी राहून त्याच्या टाक्यांना नावं ठेवणार, लोकरवाल्या बायकांच्या घोळक्यात शिरून हा पिवळा कशात उकळला म्हणून विचारणार, चर्चच्या पायऱ्या चढून उगाच डोंगराकडे बघून येणार. गिऱ्हाईक आलं की शेजारच्या टेबलावरून ओतिलिया हाक मारायची, "एदे! तुझं माणूस आलंय!" मग ही कुठल्या तरी कोपऱ्यातून "आले, आले" करत पळत यायची.

एकसष्टाव्या वर्षीही तिची ही तऱ्हा. नवरा म्हणायचा, हिला घरात ठेवायचं तर अंगठ्याला दोरी बांधावी लागेल. तो गेला, मुलगी नोएमी लग्न करून मेंदोसाला गेली, आणि एदेल्मिराच्या पायांना आणखीच मोकळीक मिळाली. आज ला रिओखाचा बाजार, पुढच्या महिन्यात कोर्दोबाच्या डोंगरातला, मध्येच कुणीतरी सांगितलं म्हणून सान लुइस. रात्रभर बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसायचं आणि सकाळी कुठल्याशा अनोळखी चौकात टेबल उघडायचं, यात तिला मौज वाटे.

ती येर्बा, म्हणजे तुंब्यात भरून ओढायचा कडू पाल्याचा चहा, पिण्याच्या नळ्या करायची. मामा घोड्यांच्या लगामांचे साज घडवायचा, त्याच्या ऐरणीशी उभी राहून ती शिकली होती. जर्मन सिल्व्हरचा पत्रा सळईभोवती वळवायचा, टाकणखार लावून, डाग देऊन जोड सांधायचा, खालच्या गोळ्याला बारीक भोकं पाडायची, मग कानस. डाग देताना तेवढी ती जागची हलत नसे. मामाने दोनदा कानाखाली लावून ती सवय लावली होती.

ओतिलिया म्हणजे तिच्या नेमकी उलट. ओतिलिया येर्बाचे तुंबे कोरायची. घरामागे वेल लावायची, तुंबे वाळवायची आणि हिवाळाभर चुलीजवळ बसून कोरणीने त्यांवर पक्षी काढायची. टिटवी तिची आवडती. तेवीस वर्षांपूर्वी याच चौकात दोघींची टेबलं दोन टोकांना होती. नळी घेतलेलं माणूस तुंब्यासाठी त्या टोकाला जाई, तुंबा घेतलेलं नळीसाठी या टोकाला येई. तिसऱ्या रविवारी ओतिलियाने आपलं टेबल ओढत आणलं आणि म्हणाली, "सरक गं जरा." एदेल्मिरा सरकली. पुढे ओतिलिया नोएमीची धर्ममाता झाली, आणि त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या.

सप्टेंबर लागला होता, हिवाळा नुकताच सरला होता. वर्षातून एकदा व्हायची ती तपासणी त्या रविवारी ठरली होती. नियम साधा: टेबलावरचा माल आपल्या हातचा पाहिजे. समितीची तीन माणसं येतात, माल पारखतात आणि एखादी वस्तू समोर करून दाखवायला सांगतात. समितीचा प्रमुख रोसेंदो, चामड्याचं काम करणारा. त्याच्या टाक्यांना एदेल्मिरा नावं ठेवायची तोच. आणि त्या वर्षी लोकांनी समितीवर निवडून दिलं होतं खुद्द एदेल्मिराला.

निवडायला कारणही होतं. पाच वर्षांपूर्वी सेलेस्ते नावाच्या एका बाईने कारखान्यातली कानातली आणून आपली म्हणून विकली होती, तेव्हा सभेत सगळ्यात मोठा आवाज एदेल्मिराचाच लागला होता. "आम्ही डोळे फोडून घेतो आणि ही खोकं फोडून आणते!" ती ओरडली होती. सेलेस्ते रडत रडत टेबल आवरून गेली, ती परत चौकात दिसली नाही.

त्या रविवारी सकाळी आकाश तांबूस होतं आणि डोंगरावर ढगांची लांब कड बसली होती. सोंदा सुटणार हे सगळ्यांनी ओळखलं. हा वारा उतरायच्या आधीच माणसांची डोकी ठणकायला लागतात, कुत्री भुंकतात, नवराबायको भांडतात. एदेल्मिराचे पाय तर पहाटेपासून जमिनीवर ठरत नव्हते. तिने नळ्या मांडल्या, उचलल्या, परत मांडल्या. मग सहज शेजारी बघितलं.

ओतिलियाने अकरा नवे तुंबे मांडले होते. अकरांवर अकरा टिटव्या.

एदेल्मिराने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. ओतिलियाची टिटवी कधीच एकीसारखी दुसरी नसायची. एखादीचा पाय आखूड, एखादीची मान कुठल्याशा काळजीने वळलेली. या अकरा जणी एकाच क्षणी एकाच दिशेला बघत होत्या. आणि रेघांच्या कडा करपलेल्या होत्या, यंत्राने जाळतात तशा.

"कधी कोरलेस गं हे?" तिने विचारलं.

"हिवाळाभर चालूच होतं," ओतिलिया म्हणाली आणि डाव्या हाताने येर्बाचा तुंबा तिच्यापुढे केला. "घे. गार होईल."

एदेल्मिराने तो घेतला नाही. "आले मी," म्हणाली आणि निघाली.

चौकाला तिने किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. तेवीस वर्षं! या बाईच्या हातचं खाल्लं, नवरा गेला तेव्हा हिच्या खांद्यावर रडले, आणि ही माझ्या तोंडावर सांगते हिवाळाभर चालू होतं म्हणून. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? सेलेस्तेवर ओरडणं सोपं होतं, त्या बाईच्या घरी एदेल्मिराने कधी भाकर मोडली नव्हती. मध्येच रोसेंदोने हटकलं. बायकांना तो अदबीने दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचा. "काय दोन्या एदेल्मिरा, आज माझ्या टाक्यांकडे लक्ष नाही? बरं वाटत नाही का?"

"वारा आहे," ती म्हणाली.

"चारला तपासणी. वारा असो की भूकंप."

तीनच्या सुमारास सोंदा उतरला. भट्टीचं दार उघडावं तशी गरम झळ आली, पाठोपाठ धूळ. पॉप्लरची झाडं वाकली, ताडपत्र्या फाडफाड वाजायला लागल्या, कुणाची शाल थेट चर्चच्या घंटेवर जाऊन अडकली. लोक पोटाशी माल धरून नगरपालिकेच्या लांब ओसरीकडे पळाले. ओतिलियाचं टेबल कलंडलं आणि तुंबे गडगडत चौकभर सुटले.

एदेल्मिरा त्यांच्यामागे धावली. राग होता तरी पाय थांबले नाहीत. बाकाखालून दोन काढले, कारंज्याच्या कोरड्या टाकीतून तीन, एक रस्त्याच्या पार पलीकडून. ओंजळ भरून ती परत आली तर ओतिलिया होती तिथेच उभी. पायाशी एक तुंबा पडलेला. ती वाकली, उजव्या हाताने तो धरला, आणि तो तिच्या बोटांतून ओला साबण निसटावा तसा निसटला. तिने परत धरला. परत निसटला. मग तिने तो हात एप्रनच्या खिशात घातला आणि डाव्याने उचलला.

ओसरीत खांबाआड दोघी टेकल्या. तोंडात धूळ करकरत होती.

"हात दाखव," एदेल्मिरा म्हणाली.

"काही नाही झालं हाताला."

"ओतिलिया, हात दाखव."

ओतिलियाने खिशातून हात काढून मांडीवर ठेवला. अंगठ्याजवळचं मांस बसलं होतं, दोन बोटं आत वळलेली. "मे महिन्यापासून आहे," ती म्हणाली. "सान हुआनच्या डॉक्टरला दाखवलं. शीर दबलीय म्हणाला. सुटेल किंवा नाही सुटणार."

"मे महिन्यापासून! आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलायला माणूस जागेवर पाहिजे." ओतिलियाचा आवाज चढला नव्हता. तिचा कधीच चढत नसे. "चार महिने मी तुला येर्बा डाव्या हाताने देतेय, एदे. रोज नव्याने तुंबा भरतेय, अर्धी पत्ती सांडतेय. तू एक घोट घेतेस आणि चाललीस. एका जागी बसलीस कधी, की तुला दिसणार?"

उठून चालू लागावं असं एदेल्मिराला इतक्या जोरात वाटलं की तिने खांब धरला.

"आणि या टिटव्या?"

"मेंदोसाच्या बसने मागवल्या. रिकामं टेबल घेऊन तुझ्याशेजारी कशी बसू? जागा दुसऱ्याला देतील."

तेवढ्यात रोसेंदो आला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, वही काखेत. मागे समितीची तिसरी बाई, भुवयांपर्यंत धुळीने माखलेली. रोसेंदोने ओसरीतच एकेकाची तपासणी सुरू केली होती. ओतिलियाचा एक तुंबा त्याने उचलला, दुसरा उचलला, कडेवरून नख फिरवलं आणि एदेल्मिराकडे बघितलं.

"तिचेच आहेत," एदेल्मिरा म्हणाली. "मी बघितलंय तिला कोरताना. हिवाळ्यात. मी तिच्या घरी होते."

"सगळे?"

"सगळे. आता कोरणी नवीन आहे तिची, म्हणून रेघ तशी येते. तापवून वापरते ती, चुलीत... म्हणजे निखाऱ्यावर—"

"एदे, पुरे," ओतिलिया म्हणाली. "खोटं तुला जमत नाही." मग ती रोसेंदोकडे वळली. "माझे नाहीत, रोसेंदो. विकत आणलेत. हात गेलाय माझा."

रोसेंदोने वही उघडली. वाऱ्याने पानं फडफडत होती. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण त्याने लिहिलं. ओतिलियाला सहा महिने बंदी, मार्चपर्यंत. मग पेन्सिल न उचलता म्हणाला, "आणि दोन्या एदेल्मिरा, तुम्ही समितीवर बसून खोटी साक्ष दिलीत. मी काय करू सांगा?"

"लिहा माझंही नाव," ती म्हणाली. "सेलेस्तेच्या वेळी कुणी असं विचारलं नव्हतं, आज तरी कशाला विचारता?"

दोन्ही नावं लिहिली गेली, दोघींना सारखीच बंदी.

त्या सहा महिन्यांत एदेल्मिराचे हाल झाले. दुसऱ्या गावचे बाजार होते, पण ओतिलियाला सोडून जायला मन घेईना, आणि घरी बसणं तर येतच नव्हतं. मग ती रोज ओतिलियाकडे जाऊ लागली. नुसती नाही, औजारं घेऊन. जर्मन सिल्व्हरची एक मूठ तिने घडवली, तळहाताला पट्ट्याने बांधायची, तिच्यात कोरणी अडकवायची. पहिली जड झाली. दुसरीने ओतिलियाच्या मनगटावर वळ उठले. तिसरी बसली बरोबर. ओतिलियाने त्या मुठीने टिटवीचं अर्धं पीस कोरलं आणि हात थांबवला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"मग सैल करू? पट्टा आणखी अर्धा इंच—"

"एदे, मला कोरायचंच नाहीये आता."

"असं कसं? जमतंय की तुला! बघ, रेघ सरळ आलीय."

"तीस वर्षं कोरलं. पोट भरलं माझं त्याने. तुलाच हवंय ते." ओतिलियाने दाताने पट्टा सोडवला. "तुला काहीतरी दुरुस्त करायला लागतं सारखं. मी म्हणजे काय तुटलेली नळी आहे?"

एदेल्मिरा ताडकन उठली. तीन महिने ऐरणीवर घालवले, बोटं भाजून घेतली, त्याचं हे फळ! फाटक आपटून ती निघाली, कालव्याच्या कडेने गावाबाहेर पार द्राक्षमळ्यांपर्यंत गेली, तिथून मागे वळली आणि तासाभराने परत ओतिलियाच्या अंगणात उभी राहिली. ओतिलिया वेलींना पाणी घालत होती.

"मग करणार काय तू?" एदेल्मिराने विचारलं.

"वेल लावीन. तुंबे वाळवीन, कापीन, आतून घोटून काढीन. तेवढं डाव्या हाताने होतं. पक्षी नाही काढणार."

"कोरा तुंबा कोण घेईल?"

"ते त्यांचं ते बघतील."

मार्चमध्ये बंदी उठली. ओतिलियाने छपरातले जुने वाळवलेले वीसेक तुंबे घासून-घोटून आणले. मधाच्या रंगाचे, गुळगुळीत, एकही रेघ नसलेले. एदेल्मिराने प्रत्येकाच्या तोंडाला जर्मन सिल्व्हरची कड बसवून दिली होती. ते तेवढं ओतिलियाने करू दिलं. समितीपुढे माल ठेवला तेव्हा रोसेंदोने विचारलं, "यात हातकाम कुठलं, दोन्या ओतिलिया?"

"बी मी लावलं, पाणी मी घातलं, फळ रोज वळवून गोल मी ठेवलं. आणखी काय पाहिजे, गाऊन दाखवू?"

ओसरीत उभी असलेली माणसं हसली. रोसेंदोने कोयता आणि कानस तिच्यापुढे ठेवली. तिने तुंबा गुडघ्यांत दाबला आणि सगळ्यांसमोर डाव्या हाताने त्याचं तोंड कापून घोटून दाखवलं. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. तुंबे पास झाले.

चालले म्हणावेत तर तसे फार नाही. माणसं उचलून बघत, फिरवत, पक्षी शोधत. एका बाईने विचारलं, "अहो, हे अर्धवट राहिलेत का?" ओतिलिया म्हणाली, "नाही, झालेत." एदेल्मिराला मात्र हे ऐकवत नसे. ती तिथल्या तिथे चुळबुळ करायची आणि गिऱ्हाईक गेलं की पुटपुटायची, "एखादी टिटवी. एकच. मी काढते हवं तर."

"तू काढलीस तर ती कोंबडी होईल," ओतिलिया म्हणायची.

मग एप्रिलात एदेल्मिराने सेलेस्तेचा पत्ता मिळवला. ती रोदेओ गावात शिवणकाम करत होती. कशासाठी जायचं हे एदेल्मिराला नीट सांगता येईना. माफी मागायची म्हणावं, तर त्या बाईने खोटं विकलं होतं हे खरंच होतं; पण का, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ओतिलिया म्हणाली, "मी येते. दोन पोळ्या बांधून घेऊ." शुक्रवारी सकाळी दोघी बसच्या थांब्यावर उभ्या होत्या. बस उशिरा होती. एदेल्मिरा तिसऱ्यांदा वळणापर्यंत जाऊन रस्ता बघून आली आणि म्हणाली, "दार उघडून ती काय म्हणेल गं?"

"मला काय माहीत," ओतिलिया म्हणाली. "कदाचित उघडणारच नाही."

लांबून धूळ दिसली. बस आली, आणि दोघी चढल्या.